ओढ्याची माती

माळावर राहणाऱ्यांकडे फारसं काही नव्हतं, पण नऊ काळवीट होते.

धान्य जेमतेम, पाणी ओढ्यापुरतं, सावली बाभळीची, म्हणजे नसल्यासारखीच. गवत म्हणाल तर हरळी, आणि तीही कुणी लावलेली नाही. उपटून फेकली तर पडेल तिथं पेरापेराला मूळ धरायची, म्हणून सगळे तिला शिव्या घालत आणि तीच खात. परमुलखात गेलेली माळावरची पाखरं आपलं गाव जरा हळूच सांगत. मात्र खेळाचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढे. दर आठव्या दिवशी माळाच्या मधल्या गोल मैदानात हे नऊ काळवीट दुसऱ्या मुलखांच्या संघांशी गवताच्या चेंडूने खेळत, आणि त्या दुपारी मुंगी, तितर, घूस, मुंगूस असे सगळे शेजारी शेजारी बसत. एरवी मुंगूस शेजारी येऊन बसला तर घुशीने काय समजायचं ते समजावं, पण त्या दुपारी दोघं एकाच चेंडूकडे पाहत असत.

मैदानाला भिंत नव्हती. बांध होता, आणि तो कुणी बांधला नव्हता. रीत अशी होती की खेळ पाहायला येणाऱ्याने आपल्या दारातली थोडी माती आणायची, मैदानाच्या कडेला टाकायची आणि तिच्यावर बसायचं. कुणी चोचीतून आणी, कुणी पंजातून. माती ताजी, त्याच आठवड्याची हवी. मागची शिल्लक चालत नसे. अशी पिढ्यान्‌पिढ्या माती पडून बांध एवढा वाढला होता की शेवटच्या रांगेतल्या मुंगीलाही चेंडू दिसे. खेळाआधी नऊ काळवीट बांधाच्या कडेने एक फेरी घेत आणि त्या दिवशी पडलेली माती हुंगत. प्रत्येकासमोर थांबून विचारत, "कुणाची माती?" समोरचा छाती फुगवून सांगे, "वारुळाची!" किंवा "बाभळीखालची!" काळवीट मान हलवून पुढे सरकत. ही फेरी झाल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. पाहुण्या संघांना हा सगळा प्रकार वेळखाऊ वाटे, आणि तसं ते जांभया देऊन दाखवतही.

माळाच्या टोकाला, ओढ्याकाठी, भिवराई नावाची कासवीण राहत होती. ओढ्यापासून मैदान तीन दिवसांच्या वाटेवर होतं, वर थोडं. खेळ संपला की ती परतीला लागे. घरी पोचली की ओल्या गाळात लोळून पाठीवर माती थापून घेई, ती उन्हात धरू देई आणि लगेच पुन्हा निघे. तीन दिवस जायला, तीन यायला, माती धरायला एक. सगळं जमून येई, पण ते वरचं थोडं दर वेळी नडे. ती बांधावर चढे तेव्हा फेरी कधीच आटोपलेली असे आणि खेळ मध्यावर आलेला असे. चढावरूनच ती ओरडे, "आले रे, आले!" सगळा बांध हसे. पळता पळता काळविटांचेही कान हलत. तितर सरकून तिला शेवटच्या रांगेत जागा करून देत, आणि ती दगडाला पाठ घासून आपली माती तिथं पाडून त्यावर बसे.

तिची माती आजवर कुणी हुंगली नव्हती. भिवराईला आयुष्यात दुसरं काही नको होतं. एकदा फेरी तिच्यासमोर यावी, नाक तिच्या मातीला लागावं, आणि कुणीतरी विचारावं. उत्तर तिने कधीचं तयार ठेवलं होतं. वाटेत एकटी असताना ती ते म्हणूनही पाही.

"अगं, एक खेळ सोड," ओढ्यातला नांगीनाना खेकडा तिला म्हणे. "आठ दिवस उसंत मिळेल. पुढच्या खेपेला अगदी आधी जाऊन बसशील."

"सोडू? आणि नेमके त्याच दिवशी जिंकले तर?"

नांगीनाना आडवा आडवा बिळात जाई.

नऊ काळवीट आमचे, असं माळ म्हणे. ताडपानावर मात्र ते साळिंदरशेठचे होते. मागे एका दुष्काळात शेठच्या आजोबांनी त्या कळपाला चारा घातला होता आणि चारा घालताना ताडपान लिहून घेतलं होतं. शेठ मनाने वाईट नव्हता. संघ जिंकला की त्याच्या डोळ्यांना पाणी येई आणि काटे आपोआप वाजत. पण परमुलखात गेला की तिथले मालक त्याला दगडी छताखाली गार सावलीत बसवत, आणि ते मालक माळावर आले की त्यांच्या अंगाला धूळ लागे. ते काही बोलत नसत, नुसती झटकत. ते झटकणं शेठच्या मनात घर करून बसलं.

एके दिवशी त्याने बांधावर येऊन सांगितलं की मैदानाला सावलीचा मांडव हवा, नाहीतर मला विचार करावा लागेल. शेठला विचार करावा लागेल म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. मुंग्यांनी कोठार उघडलं. तीन वर्षांची बेगमी सुतारपक्ष्यांना मोजून दिली आणि ती पुढची सात वर्षं कण कण करून भरून काढायचं ठरवलं. मांडव झाला, चांगला झाला. शेठ त्यात एक हंगाम बसला.

मग नदीपलीकडच्या शहरातून पारव्यांचं शिष्टमंडळ आलं. त्या शहरात सगळं होतं. कोठारं होती, कारंजी होती, चकचकीत फरशा होत्या. पण एकत्र ओरडावं असं काही नव्हतं, आणि हे त्यांना अलीकडे फार जाणवू लागलं होतं. पारव्यांनी उंदरांचं मोठं कोठार तीस वर्षांसाठी गहाण टाकून चाळीस हजार जागांचं गोल दगडी मैदान आधीच बांधून काढलं होतं. नऊ दिशांना नऊ दारं होती आणि शेठसाठी कायमची गार सावली होती. त्यांनी वचनही दिलं की जागा रिकामी राहिलीच, तर त्या जागेचे दाणे शहर भरेल.

संघ हलवायचा तर सगळ्या मैदानांच्या मालकांच्या सभेला जबर भरपाई द्यावी लागे. ती रक्कम शेठने घुबडांच्या पेढीतून कर्जाने उचलली. तारण काय ठेवलं, तर तेच नऊ काळवीट. पारव्यांनी आणि शेठने मिळून हिशोब मांडला. खेळ पाहायचा माळावर डोईमागे एक दाणा येई, शहरात तीन येणार होते. माळावर बसत चार हजार, शहरात बसणार होते चाळीस हजार. घुबडांनी तो चार वेळा तपासला आणि त्यात एकही चूक निघाली नाही.

नऊ काळवीट एका सकाळी रांगेने गेले. म्होरक्या भाल्या सगळ्यात मागे चालत होता. नदी ओलांडताना त्याने मान वळवली असं पाणकोंबड्या सांगतात, पण पाणकोंबड्या असं पुष्कळ सांगतात.

भिवराईला यातलं काही कळलं नव्हतं, कारण ती वाटेवर होती. खेळाच्या दुपारी ती नेहमीसारखी धापा टाकत बांधावर चढली आणि ओरडली, "आले रे, आले!"

कुणी हसलं नाही. बांध भरलेला होता. प्रत्येकाने आपली माती आणली होती, टाकली होती, आणि तिच्यावर सगळे गप्प बसले होते. मैदानात वारा सोडून कुणी नव्हतं. मांडवाखालून मुंग्यांची रांग चालली होती, मांडवापायी रिकामं झालेलं कोठार भरायला. तितर सवयीने सरकले आणि तिला जागा झाली. ती बसली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाठीवरची माती न पाडताच मागे वळली. खेळाच्या दिवशी माती परत नेलेली माळावर कुणी पाहिली नव्हती.

घरी येऊन तिने ती माती ओढ्यात सोडली आणि नवी थापायला घेतली. या वेळी गाळाचे तीन थर चढवले. नांगीनाना बिळाच्या तोंडाशी येऊन पाहत राहिला.

"कुठं?"

"शहरात. खेळ आहे."

"काळविटांना तीन दिवस लागले म्हणतात," तो म्हणाला. "तुला?"

"मला थोडा उशीर होईल," भिवराई म्हणाली.

नांगीनानाने नांगीवर मोजून पाहिलं. दोन पावसाळे येत होते. त्याने पुन्हा मोजलं आणि मग हळू आवाजात विचारलं, "माती त्याच आठवड्याची लागते ना गं? शिळी नाही का होणार?"

हे तिच्या मनात आलं होतं. सगळ्यात आधी तेच आलं होतं. ती चालू लागली.

पावसाची पहिली सर तिला खिंडीत लागली, दुसरी सपाटीवर. ती रोज चाले आणि रोज पाठीचा विचार करी. कासवाला स्वतःची पाठ दिसत नाही. माती आहे की वाहून गेली, भेगाळली की दगड झाली, हे तिला कळायला मार्ग नव्हता. चालताना फक्त ओझं जाणवे आणि त्या ओझ्यावरच तिने भरवसा ठेवला होता.

श्रावणात एक परीट पक्षी शेपटी नाचवत तिच्या पाठीवर येऊन उतरला.

"आजी, झकास बसायला केलंय की! मऊ."

"मऊ? मातीय ती. माती शाबूत आहे का रे?"

"माती कुठली, हिरवळ आलीय. भाकरीएवढी. हरळी दिसतेय."

भिवराई थांबली. माळावर सगळे जिला शिव्या घालतात ती हरळी तिच्या पाठीवर उगवली होती. म्हणजे गाळात तिची मुळं आली होती आणि माती जिवंत होती. तिला केवढा आनंद झाला. मग तिला आठवलं की परीट फिरता पक्षी आहे.

"शहरातून येतोस?"

"कालच निघालो. काय मैदान आहे, आजी! चाळीस हजार जागा आणि मुंगी शिरेना. पोरं डोक्याला काटक्यांची शिंगं लावून फिरतात."

"जिंकतात का?"

"जिंकतात की. नवीन संघ, नवी हौस."

तिला बरं वाटलं आणि कुठंतरी दुखलंही. आपल्यावाचून ते जिंकत होते. थोडं अंतर चालून तिने विचारलं, "आणि फेरी घेतात का रे? खेळाआधीची. माती हुंगतात ती?"

"पहिल्या दिवशी घेतली म्हणे," परीट म्हणाला. "नऊजण कडेकडेने चालले, खाली वाकले, दगड हुंगला, परत चालले. लोकांना वाटलं, काही हरवलंय. मग नाही घेतली पुन्हा."

परीट उडून गेला. त्या दिवशी भिवराई उजेड असेतो चालली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीपेक्षा लवकर निघाली.

थंडी गेली. उन्हाळ्यात तिने वाट बदलून ओहोळांचा काठ धरला. लांबचा पल्ला पडे, पण सकाळ-संध्याकाळ पाठ भिजवता येई. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारी, "जरा पाठ बघता का? हिरवं आहे?" कुणी सांगे हिरवं आहे, कुणी सांगे टोकं पिवळी पडलीत. पिवळी म्हटलं की ती तिथंच वळून पाण्याकडे जाई. अशाने दुसरा पावसाळाही वाटेतच गेला.

आश्विनाच्या उन्हात तिला शहराकडून येणारं उंदरांचं कुटुंब भेटलं. पुढे उंदरीण होती, मागे चार पिल्लं आणि त्यामागे बोचकं ओढणारा म्हातारा सासरा. पाठ बघून झाल्यावर, हिरवं आहे असं सांगून झाल्यावर, भिवराईने खेळाचं विचारलं. उंदरीण तोंडाला पदर लावावा तशी शेपटी लावून हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

"पहिल्या साली झाली नवलाई," ती म्हणाली. "दुसऱ्या साली चार खेळ हरले. माळावर हरले तर काय होई हो, आजी?"

"काय होणार? पुढच्या आठवड्याला माती जरा जास्त न्यायची."

"आमच्याकडे हरल्यावर कारंजी बघायला जातात. जागा रिकाम्या पडल्या. रिकाम्या जागेचे दाणे शहराने भरायचे असं लिहून दिलेलं. शहर म्हणजे कोण? आमचं कोठार. आता त्यात फरशी दिसते." तिने पिल्लांकडे पाहिलं. "पारव्यांना काय, ते उडून दुसऱ्या छपरावर बसले."

"आणि काळवीट?"

"त्यांच्यावर नाही हो राग. दगडावर धावून खुरं फुटलीत बिचाऱ्यांची. शेठचं पेढीला देणं तटलंय. कार्तिक लागला की पहिल्या सकाळी घुबडं वाटणी करणार. नऊ गिऱ्हाइकं, नऊ मुलूख. एका दारातून एक."

भिवराईने मान आत ओढून घेतली. पिल्लांना वाटलं, म्हातारी झोपली.

कार्तिक लागायला बारा दिवस होते. ओहोळाच्या काठाने गेलं तर शहर महिन्याच्या वाटेवर होतं. समोर काळ्या खडकाचं पठार होतं, त्यावरून थेट अकरा दिवस. पण पठारावर पाणी नव्हतं, आणि पाठीवरची हरळी तीन दिवसांवर तगली नसती. वेळेत पोचायचं तर वाळलेली माती घेऊन, आणि जिवंत माती न्यायची तर सगळं संपल्यावर. आयुष्यभर जे वरचं थोडं तिला नडलं होतं, ते इथं एवढं मोठं होऊन वाटेत आडवं बसलं होतं.

म्हाताऱ्या उंदराने बोचकं खाली ठेवलं. "मधोमध एक खळगा आहे," तो म्हणाला. "ओंजळभर पाणी असतंय त्यात. असलं तर."

ती पठारावर चढली. पहाटे आणि उन्हं कलल्यावर चाले, भर दुपारी कपारीत शिरून पाठ सावलीत ठेवी आणि डोकं उन्हात. पाठीवर काय चाललंय ते सांगायला तिथं कुणी नव्हतं. सहाव्या दिवशी खळगा सापडला. पाणी होतं, ओंजळभरच. पिऊन घेतलं असतं तर पाठीला उरलं नसतं. तिची जीभ टाळूला चिकटली होती. तिने पाण्याकडे एकदा नीट पाहून घेतलं, मग वळली, कशीबशी उलटी झाली आणि खळग्यात पाठ टेकून चार पाय आभाळाकडे करून पडून राहिली. कासवाला उलटं झालं की सुलटं व्हायला काय पडतं ते कासवालाच ठाऊक. अर्धा दिवस त्यात गेला.

आश्विनाच्या शेवटच्या दुपारी ती शहरात शिरली. मैदान शोधावं लागलं नाही. शहरात त्याच्याहून उंच काही नव्हतं. त्या दिवशी शेवटचा खेळ होता, पण समोरचा संघ आलाच नव्हता, कारण येण्याजाण्याचे दाणे कोण देणार हे ठरलं नव्हतं. चाळीस हजार जागा रिकाम्या होत्या. दगडी सावलीत साळिंदरशेठ एकटा बसला होता. त्याचे निम्मे काटे गळले होते आणि उरलेले वाजत नव्हते. पेढीचा कारकून पिंगळा खांबावर बसून यादी करत होता. खाली, गुळगुळीत फरशीवर, नऊ काळवीट अंग चोरून उभे होते.

वरच्या पायरीवर भिवराई पोचली. तिथूनच ती ओरडली,

"आले रे, आले!"

रिकाम्या दगडांवरून तो आवाज गोल फिरला आणि परत तिच्याकडेच आला. खाली अठरा कान एकदम उभे राहिले. शेठने मान वर केली आणि मग त्याच्याने वर बघवेना.

"बसायचे तीन दाणे," पिंगळा म्हणाला.

"मी बसायला नाही आले," भिवराई म्हणाली. "माती टाकायला आलेय."

एवढ्यासाठी किती दाणे घ्यायचे ते पिंगळ्याच्या कागदात कुठं नव्हतं. तो पानं उलटत राहिला आणि भिवराई पायऱ्या उतरू लागली. पायऱ्या काळविटांच्या मापाने केलेल्या होत्या. प्रत्येकीवरून ती घसरे, सावरे, पाठ तिरपी होऊ नये म्हणून थांबे. खाली पोचेतो उन्हं पिवळी झाली. कुणी तिला घाई केली नाही. ती फरशीवर आली आणि इकडेतिकडे बघू लागली. माती टाकायची कुठं? बांध नव्हता. पाठ घासायला खरबरीत दगडही नव्हता.

भाल्या पुढे आला. तिने त्याला एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्याचं अंग फिकं पडलं होतं आणि पुढच्या खुराला चीर गेली होती. त्याने मान खाली घातली. त्याचं नाक तिच्या पाठीवरच्या मातीला, हरळीच्या उरल्यासुरल्या हिरव्या तंतूंना लागलं आणि तिथंच राहिलं.

"कुणाची माती?" त्याने विचारलं.

जन्मभर घोकलेलं उत्तर होतं. छाती फुगवून द्यायचं होतं. पण तिच्या तोंडातून भलतंच गेलं. "मला उशीर झाला रे."

"नाही," भाल्या म्हणाला. "फेरी आत्ताच सुरू झालीय. कुणाची माती?"

"ओढ्याची."

त्याने मान हलवली आणि बाजूला झाला. दुसरा आला. त्यानेही हुंगलं, त्यानेही विचारलं. तिसऱ्याने विचारलं. नऊ वेळा प्रश्न झाला आणि नऊ वेळा उत्तर, आणि नवव्याला सांगताना भिवराईची छाती चांगलीच फुगली होती. मग रीतीप्रमाणे खेळ सुरू झाला. चेंडू नव्हता, पाहुणा संघ नव्हता. नऊजण आपसातच खेळले, फुटक्या खुरांनी, माळावर खेळत तसे लांब झेपा घेत. भिवराईने आयुष्यात पहिल्यांदा खेळ पहिल्यापासून पाहिला. ती मैदानाच्या मधोमध बसली होती आणि ते तिच्यावरून उड्या मारून जात होते. सावलीतून मधूनच काटे वाजल्याचा आवाज आला, एकदाच.

सकाळी घुबडांचे हस्तक गळ्यात बांधायची दावी घेऊन आले. नऊ दारं एकदम उघडली. भिवराई केव्हाच परतीच्या पायऱ्या चढू लागली होती. पुढचा खेळ कुठंही होवो, त्याला ताजी माती आणायला हवी होती, आणि वाट लांबची होती. पाठीवरचं काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही. तिची पाठ आता नुसती मातीची होती, हिरवं काही उरलं नव्हतं, पण कासवाला स्वतःची पाठ दिसत नाही.

पिंगळ्याने प्रत्येक दाराशी जाऊन यादी ताडून पाहिली. नऊ काळवीट, अठरा शिंगं, छत्तीस खुरं, पैकी अकरा फुटकी. नऊ दारांतून नऊजण नऊ दिशांना निघाले. प्रत्येकाच्या मिटल्या ओठांतून हरळीचा एकेक तंतू, पेरासकट, मुळासकट, खाली लोंबत होता. पिंगळ्याला वाटलं, वाटेत खायला घेतलंय, म्हणून त्याने ते लिहिलं नाही.

कुणीही चावत नव्हतं.